सोनोपंत दबीर: जुन्नरच्या लुटीआधीची वकिली

१६५७ चा मार्च. शाहजादा औरंगजेब बीदरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. त्याच्या छावणीत शिवाजी महाराजांचे वकील दाखल झाले: सोनोपंत दबीर. दबीर म्हणजे परराज्यांशी चालणारा पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी. पुढे याच पदाला ‘सुमंत’ हे संस्कृत नाव मिळाले. महाराजांनी ताब्यात घेतलेल्या आदिलशाही मुलखाला मुघलांनी मान्यता द्यावी, ही पंतांची मागणी. २३ एप्रिलच्या पत्राने औरंगजेबाने ती मान्य केली. दाभोळ बंदरही त्यात आले.

त्यानंतर सातच दिवसांनी, ३० एप्रिलच्या रात्री, महाराजांचे लोक दोरांच्या शिड्या लावून जुन्नर शहरात उतरले. पहारेकरी कापले गेले. ३ लक्ष होन, २०० घोडे, शिवाय जडजवाहीर आणि कापड हाती लागले. चाकण महाराजांचे, जुन्नर मुघलांचे. मधला घोड नदीचा, म्हणजे आजच्या आंबेगावचा, पट्टा दोन्ही सत्तांच्या कात्रीत. वर शिवनेरी, महाराजांचे जन्मस्थान, तेव्हा मुघलांकडेच होता.

बीदरची बोलणी हा निव्वळ देखावा होता, असे म्हणून हा प्रसंग बहुधा निकालात काढला जातो. ते पटत नाही. लुटीनंतरही बोलणी तुटली नाहीत: रघुनाथपंत औरंगजेबाकडे रवाना झाले, आणि शाहजहानच्या आजारपणामुळे उत्तरेकडे निघण्याची घाई असलेल्या शाहजाद्याला सलोखा स्वीकारावाच लागला. तलवार आणि वकिली हे एकाच राजकारणाचे दोन हात होते. फरक एवढाच, की स्वार लूट घेऊन डोंगरात शिरतो; वकील मात्र शत्रूच्या छावणीत, त्याच्याच शब्दाच्या भरवशावर बसलेला असतो.

जानेवारी १६६५ मध्ये, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, महाबळेश्वरी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली आणि त्यांच्याबरोबर वृद्ध सोनोपंतांचीही. राजमातेच्या जोडीने हा मान मिळालेला दुसरा सेवक सांगता येणे कठीण. (बखरींतून लढाया वाचणाऱ्यांच्या नजरेतून ही नोंद हमखास निसटते.)

वकिलीतला धोका प्रत्यक्षात आला तो पुढच्या पिढीवर. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि मागे राहिलेले त्र्यंबक सोनदेव, सोनोपंतांचे पुत्र, रघुनाथ बल्लाळ कोरडे यांच्यासह फुलादखानाच्या हाती सापडले. त्यांचा छळ झाला. सुटका झाली ती १६६७ च्या एप्रिलमध्ये.

१६७४ च्या राज्याभिषेकात सुमंतपदावर होते रामचंद्र त्र्यंबक, सोनोपंतांचे नातू.