शेवटची नावं

लग्नपत्रिकेत एका आत्याचं नाव राहिलं तर ती आत्या पुढची वीस वर्षं त्या घरचं पाणी पीत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून तर पत्रिकेचा कच्चा मजकूर चारचारदा वाचला जातो, दूरच्या दिरांची नावं 'व्यवस्थापक' म्हणून घुसवली जातात आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिमण्यांचीसुद्धा. नावाची एवढी चाड असलेल्या आपल्याच घरांत रोज रात्री, सगळ्यांच्या देखत, पन्नासेक माणसांची नावं गिळली जातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मी म्हणते आहे ती मालिकांच्या शेवटी येणारी नावं. सुनेच्या चेहऱ्यावर तीनदा वीज चमकते, चित्र गोठतं आणि खालच्या कडेनं सुतळीएवढी पट्टी निघते. तिच्यात मुंगीएवढी अक्षरं, तीही पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी धावणारी. वर तोवर 'पुढील भागात' सुरू झालेलं असतं, आणि ते संपायच्या आत दुसऱ्याच मालिकेतली सासू येऊन 'पाहायला विसरू नका' म्हणून दम भरते. काही मालिकांत रोज तेवढीही पट्टी दिसत नाही.

मला याचं एवढं का वाटावं? तर माझी भाची एका मालिकेच्या कपडेपटात काम करते. पुण्यातलं घर सोडून ठाण्याला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. सकाळी सातला सेटवर, घरी यायची वेळ देवाला ठाऊक. काम काय, तर जिन्याच्या वरच्या पायरीचा प्रसंग सोमवारी आणि खालच्या पायरीचा गुरुवारी चित्रित झाला, तरी नायिकेच्या पदराच्या निऱ्या तेवढ्याच, पिन त्याच जागी आणि हातातल्या बांगड्या मोजून तितक्याच दिसल्या पाहिजेत. "मावशी, चुकलं तर दिसतं गं. बरोबर असलं की कुणालाच दिसत नाही," असं ती म्हणते. हे वाक्य घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला समजावून सांगायला नको.

तिची आई, म्हणजे आमची ताई, सहकारनगरात राहते. वय बाहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मालिका तिला मुळीच आवडत नाही. पण रोज रात्री ती शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढून, चष्मा पुसून बसते. आठ महिन्यांत लेकीचं नाव तिला एकदाही वाचता आलेलं नाही. एकदा तिनं कौतुकानं शेजारच्या दोघींना बोलावलं, चहा केला. पट्टी आली तशी गेली. त्यातली एक म्हणाली, "अहो, नाव कुठं आलं? नक्की काय करते म्हणायची तुमची मुलगी?" ताईच्या ते इतकं लागलं, की कपबशा विसळताना ती माझ्याशीसुद्धा बोलली नाही.

पूर्वीचं सगळंच सोन्याचं होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते आम्हा पुणेकरांना दिसू लागलं. दिसू लागलं म्हणजे काय, निम्मा वेळ मुंग्या आणि उरलेला वेळ 'व्यत्यय'. पण कार्यक्रम संपला की नावं मात्र शांतपणे येत. हातानं रंगवलेली ठसठशीत अक्षरं, कॅमेरा कुणाचा, नेपथ्य कुणाचं. आमचे वडील ती मोठ्यानं वाचत. पुढच्या कार्यक्रमांची जाहिरात तेव्हाही होतीच की! 'साप्ताहिकी' नावाचा त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच होता. निवेदिका छानशी साडी नेसून, समोर बसून, येत्या आठवड्यात काय काय आहे ते सांगायची. शनिवारचा मराठी चित्रपट कोणता नि रविवारचा हिंदी कोणता, हे कळायला अख्खी गल्ली जमायची. तिनं कुणाच्या नावावर पाय देऊन ते सांगितलं नाही, एवढंच माझं म्हणणं. १९८४ साली 'हम लोग' आली, तेव्हा भागाच्या शेवटी अशोककुमार स्वतः येऊन दोन शब्द बोलत, त्यामुळे शेवटापर्यंत कुणी उठतच नसे.

मग घाई शिरली कुठून? चॅनेल एकाची शंभर झाली आणि रिमोट प्रेक्षकाच्या हातात आला, तिथून. नावं लागली की माणूस बटण दाबतो, ही भीती. अमेरिकेत एनबीसी या वाहिनीनं १९९४ साली नावं पडद्याच्या एका भागात कोंबून उरलेल्या जागेत दुसरंच काही दाखवायला सुरुवात केली, आणि ती युक्ती जगभर गेली. इंग्लंडात तर एप्रिल २०१० मध्ये गंमतच झाली. 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचा भाग ऐन उत्कंठेच्या क्षणाला आलेला, आणि बीबीसीनं त्याच्यावरच पुढच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाचं नाचरं कार्टून सोडलं. पाच हजारांवर तक्रारी गेल्या नि बीबीसीला माफी मागावी लागली. लोक चिडले ते प्रसंगाचा विचका झाला म्हणून. नावांवर नाचलं असतं तर इतकी पत्रं गेली असती का, कोण जाणे. आता मोबाइलवर मालिका पाहणाऱ्या नातवंडांना नावं दिसतच नाहीत; चौकट आक्रसते, आकडे उलटे मोजले जातात आणि पुढचा भाग आपसूक सुरू.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. केबल टेलिव्हिजनच्या नियमांत २००६ साली अशी भर घातली गेली, की तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नकोत; त्यांतली दहा मिनिटं व्यापारी जाहिरातींची आणि दोन मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. म्हणजे 'पाहायला विसरू नका'ला कायद्यानं दोन मिनिटं राखून ठेवली. नावांना किती सेकंद, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आणि नाव म्हणजे नुसती हौस नव्हे बरं का. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कलाकाराला 'हे काम माझं' असं सांगण्याचा हक्क मिळाला. पण त्याच दुरुस्तीत असंही आहे, की चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, तो बहुतेक बाबतींत कायद्याच्या लेखी कलाकारच नव्हे. वाचून मी थक्क झाले. नाव नसलं तर माणूसच नाही! आणि ही तरतूद झाली पडद्यावर दिसणाऱ्यांसाठी. कपडेपट सांभाळणाऱ्या मुलीचा तिथे उल्लेखच नाही. तिला पुढचं काम मागायला जाताना दाखवायला असते ती फक्त ही सुतळीएवढी पट्टी.

याच गावात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, १९७४ साली दूरचित्रवाणीचा विभागही दिल्लीहून इथे आला. संकलन, ध्वनिमुद्रण, कॅमेरा शिकायला देशभरातली मुलं इथे येतात. त्यांच्या आयांनीही अशाच खुर्च्या पुढे ओढल्या असतील. आणि भरत नाट्यमंदिरात किंवा बालगंधर्वला जाऊन बघा. तिसरी घंटा झाली की अंधारात आवाज येतो: लेखक अमुक, नेपथ्य तमुक, रंगभूषा, प्रकाशयोजना. पडदा उघडायच्या आधी, सगळे जागेवर बसलेले असताना. तिकिटाचे पैसे मोजलेला पुणेकरही तेवढा वेळ मुकाट ऐकतो. आपल्या या अंकातसुद्धा नारळाची वाटी कशी टिकवावी हे दोन ओळींत सांगणारीचं नाव गावासकट छापलं जातं. मग ज्या मुलीनं दोनशे साड्यांच्या निऱ्या सांभाळल्या तिचं का नाही?

रोज नावं दाखवा असा हट्ट नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारच्या भागाला, आवाज न चढवता, पुरा पडदा देऊन, वाचता येतील एवढ्या अक्षरांत ती दाखवावीत. ताईनं तसं पत्रच वाहिनीला धाडलं आहे. त्याआधी तिनं एक गोष्ट केली. भाचीकडून मालिकेतल्या सगळ्यांची नावं मागवली, अगदी चहा देणाऱ्या पोऱ्यापर्यंत, आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली बसून सावकाश मोठ्यानं वाचून पाहिली. बावन्न नावं झाली. वेळ लागला दोन मिनिटांना चार सेकंद कमी. हाही हिशेब तिनं पत्रात घातला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.