तलवारींच्या कमानीखालून

अ‍ॅनापोलिस (मेरीलँड), मेअखेर

ती. आत्यास,


या गावात सध्या नुसती लगीनघाई आहे. इथल्या अमेरिकन नौदलाच्या अकादमीत शिकत असेपर्यंत लग्नाला बंदी. त्यामुळे पदवी हाती पडली की चॅपलमध्ये लग्नांची रांग लागते. एक वऱ्हाड बाहेर पडतंय तोवर दुसरं दारात हजर!

बाहेर पांढऱ्या गणवेशातले अधिकारी समोरासमोर उभे राहून तलवारींची कमान धरतात. शेवटची जोडी तलवारी आडव्या करून वाट अडवते आणि नवरा-नवरीने चुंबन घेतल्याशिवाय सोडत नाही. बाबांच्या लग्नात तू दार अडवून ‘मुलगी देशील ना माझ्या मुलाला?’ म्हणून कबूल करून घेतलंस, तसंच. पुढे नवरीच्या पाठीवर तलवारीची हलकी चापटी मारून तिचं नौदलात स्वागत करतात. १९८० पासून इथून मुलीही अधिकारी होऊन निघतात, तेव्हा हल्ली ही चापटी नवऱ्यालाही बसते. मला हे फार आवडलं. केकसुद्धा तलवारीनेच कापतात.

दुसऱ्या दिवशी

काल लिहिलं ते शांततेच्या दिवसांतलं. दुसऱ्या महायुद्धात चित्र वेगळं होतं. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि १९४२ मध्ये बाहेर पडायची तुकडी त्याच १९ डिसेंबरला पदवी देऊन मोकळी केली. पुढच्या तुकड्यांचा चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत उरकला. रुजू होण्याचा हुकूम खिशात ठेवूनच बोहल्यावर चढायचं.

आणि नेमकी तेव्हाच तलवार गेली. १९४२ मध्ये नौदलाने ती अधिकाऱ्यांच्या गणवेशातून काढली, ती परत आली १९५४ ला. म्हणजे आम्ही प्रवासी जिचे फोटो काढत सुटतो ती कमान ऐन युद्धात दुर्मीळच; कुणाच्या घरी जुन्या तलवारी असतील तर गोष्ट वेगळी. घाईघाईत, कमानीविना झालेली ती लग्नंच मला जास्त खरी वाटतात.

रस्त्यापलीकडे सेंट जॉन्स कॉलेज. तिथे मुलं होमर आणि प्लेटो वाचतात. युद्धाच्या सुमारास नौदलाला कॉलेजची जागाही हवी होती, पण ते हललं नाही. शाबास!

तू येशील तेव्हा मेअखेर टाळ. लग्नं चालू असताना चॅपल नीट बघता येत नाही. आणि पासपोर्ट जवळ ठेव, त्याशिवाय अकादमीच्या फाटकातून आपल्याला आत सोडत नाहीत.

तुझी,
मधू