तेरीज आणि व्हॉल्व्ह



माझ्या बी.कॉम.चा उपयोग किराणा-दुधाच्या हिशेबापलीकडे फारसा झाला नाही, असं मी आजवर म्हणत आले. या चातुर्मासात मात्र तो भलत्याच ठिकाणी झाला.

आमच्या ह्यांनी कॉलेजात असताना स्वतःच्या हाताने व्हॉल्व्हचा प्रीअँप बांधला होता. टेपमधून येणारा क्षीण आवाज मोठ्या अँप्लिफायरकडे जाण्याआधी थोडा वाढवून देणारं हे यंत्र. सासूबाईंनी म्हटलेल्या स्तवनांची कॅसेट आमच्याकडे त्यातूनच वाजते. आतल्या वायरी ठिसूळ झाल्या म्हणून ह्यांनी यंदा नवा सर्किट बोर्ड मागवला. कोरा बोर्ड, आणि सुटे भाग पाकिटांतून. दोन वर्षांपासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. तरी महिनाभर रोज थोडं थोडं करत सगळं सोल्डरिंग त्यांनी स्वतःच केलं.

बोर्ड बसवला. उजवा स्पीकर छान बोलू लागला, डाव्यातून मात्र बारीक, फाटका आवाज. ह्यांनी बटण बंद केलं. "हात गेले माझे. कुठलातरी टाका कच्चा राहिला असणार. दे भंगारात." चार दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मुलगा फोनवर म्हणाला, नवीन घ्या. मला यंत्राचं एवढं वाटलं नाही, त्या 'हात गेले'चं वाटलं.

सर्किट मला कळत नाही. पण दोन सारखी खाती, त्यातलं एक जुळतंय आणि एक नाही, हे कळतं. मी वही घेतली. उजवा आणि डावा असे दोन रकाने आखले. "अहो, कुठे काय मोजायचं ते तुम्ही सांगा. मीटर मी धरते."

आमची जेवणं सूर्यास्ताआधी होतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. आधी ह्यांनी मला धोका समजावला. आत २५० व्होल्ट डीसी असतात, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. म्हणून मीटरची काळी पिन पत्र्याच्या सांगाड्याला चिमट्याने लावून ठेवायची, लाल पिन एकाच हाताने धरायची, दुसरा हात पाठीमागे. आत काही उघडायचं तर मीटर शून्यावर आलेला पाहूनच.

पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे १२एएक्स७ व्हॉल्व्ह आपसात बदलले. दोष डावीकडेच राहिला. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. मग आकडे घेतले. उजवीकडे ॲनोडवर १६० व्होल्ट, कॅथोडवर १.३५. डावीकडे २३० आणि ३.

ह्यांनी सांगितलं, ॲनोडला १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि कॅथोडला दीड किलोओहमचा. व्होल्टला ओहमने भागलं की करंट येतो. आणि वरून जो करंट आत जातो, तोच कॅथोडमधून बाहेर पडतो. मी म्हटलं, मग ही जमा आणि ही नावे, दोन्ही सारखी यायलाच हवीत!

उजवीकडे २५० वजा १६०, म्हणजे ९० व्होल्ट. भागिले १०० किलोओहम, ०.९ मिलिअँपिअर. कॅथोडकडून १.३५ भागिले दीड, तेही ०.९. तेरीज जुळली. डावीकडे वरून २० भागिले १००, म्हणजे ०.२. खालून ३ भागिले दीड, म्हणजे २. बरोबर दहापट! दहापट फरक आला की हिशेबनीस शून्य शोधतो. मी विचारलं, "तो दीडचा रेझिस्टर पंधराचा तर नाही ना?"

ह्यांनी भिंग घेतलं. त्या निळ्या रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात. दीडच्या रेझिस्टरवर तपकिरी, हिरवा, काळा, तपकिरी. पंधराच्यावर फक्त चौथा पट्टा लाल. बारीक निळ्या अंगावर तपकिरी कोणता नि लाल कोणता, हे तरुण डोळ्यांनाही पटकन कळत नाही. बटण बंद करून, शून्य पाहून मोजलं. पंधरा किलोओहम! जोडी एकाच पाकिटातली, पाकिटावर दीड लिहिलेलं, आत एक भलताच. बिचाऱ्या व्हॉल्व्हला पुरेसा करंटच मिळत नव्हता, म्हणून आवाज फाटत होता.

ह्यांनी मग भिंगाखाली सगळा बोर्ड पाहिला. एकही टाका कच्चा नव्हता. मी काही बोलले नाही, त्यांना ते नीट बघू दिलं.

दोन रुपयांचा नवा रेझिस्टर त्यांनीच लावला. एका हाताच्या मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार देऊन, सावकाश. पुन्हा मोजलं तर डावीकडे १६१ आणि १.३४. रात्री सासूबाईंचा आवाज दोन्ही बाजूंनी आला.

मैत्रिणींनो, घरात काही बिघडलं की आपण आधी माणूस शोधतो. कुणी पाडलं, कुणाच्या हातून राहिलं. वयस्क माणूस तर स्वतःलाच धरतो. त्याआधी एक वही घ्या. काय असायला हवं आणि काय आहे, एवढे दोनच रकाने आखा.

वहीचं ते पान ह्यांनी यंत्राच्या पेटीत आतल्या बाजूने चिकटवलंय. पुढे कधी कुणाला ती उघडावी लागली, तर आकडे तयार असतील.