फॅटी लिव्हर आणि परत येणारे रक्त

‘डॉक्टर, फॅटी लिव्हर तर हल्ली सगळ्यांनाच असतं, त्यात काय?’ असे तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. रोज काही त्रास होत नाही, हे खरे. पण समजा, वडिलांना यकृत प्रत्यारोपण सांगितले आहे आणि तुम्ही यकृताचा भाग द्यायला तयार आहात. रक्तगट जुळतो, पण तुमच्या यकृतातली चरबी पाहून सर्जन ‘थांबा’ म्हणतात. का?

काढलेल्या यकृताचा रक्तपुरवठा काही काळ बंद असतो. ते बर्फात ठेवले तरी पेशींची ऊर्जा संपत जाते. नवल असे, की बरीचशी इजा रक्त परत सुरू झाल्यावर होते! एकदम आलेल्या ऑक्सिजनमुळे पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशींची वीजघरेच ती) मारक रसायने तयार होतात आणि सूज भडकते. निरोगी यकृत हे बहुधा सोसते. फॅटी लिव्हरमध्ये मात्र चरबीने फुगलेल्या पेशींनी बारीक रक्तवाहिन्या आधीच दाबलेल्या असतात. रक्त सगळीकडे नीट पोहोचत नाही आणि त्या रसायनांना चरबीचे आयते इंधन मिळते. मोठ्या थेंबांची चरबी 60 टक्क्यांवर असलेले यकृत बहुतेक वेळा नाकारले जाते.

मृत दात्याचे यकृत बर्फाऐवजी यंत्रावर ठेवून त्यात 37 अंशांवर ऑक्सिजनयुक्त रक्त फिरवता येते. 2018 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या युरोपातील चाचणीत, एन्झाइमवरून मोजलेली इजा अशा यकृतांत निम्मी होती. पण हे तंत्र महाग आहे, आणि आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकांच्या यकृतावरच होतात.

त्यामुळे मला जास्त भरवसा वाटतो तो चरबी आधीच उतरवण्याचा. आहार आणि चालण्याने वजन कमी केले, तर काही आठवड्यांतही यकृतातली चरबी बरीच घटते. आधी थांबवलेले दाते पुन्हा तपासणी होऊन स्वीकारले जातात. दारू पूर्ण बंद. कडक उपास मनाने करू नका, आहारतज्ज्ञांना विचारा. आणि ‘लिव्हर साफ करणारे’ काढे तर नकोच. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहे.

वडील किती आठवडे थांबू शकतात, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. तुमच्या हातात किती वेळ आहे, ते त्यावरच ठरेल.