मनातली अढी आणि वेगळी कपबशी

विद्यार्थ्यांनो, आपल्या बसवकल्याणची बाराव्या शतकातील कथा तुम्ही ऐकली असेल. पादत्राणे करणाऱ्या हरळय्यांच्या मुलाला ब्राह्मण मधुवरसांनी मुलगी दिली. लोकांनी नाके मुरडली असतील. ती मनातली अढी. पण परंपरा सांगते, की बिज्जळ राजाने दोघा व्याह्यांना देहदंड दिला. हा जुलूम, कारण त्यामागे सत्ता होती.

मनात अढी नसतानाही जुलूम चालतो. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी असे. मालक अगदी गोड बोलणारा, कुणाला 'अरे' म्हणत नसे. तरी कप वेगळाच! राज्यघटनेच्या 17व्या कलमाने 1950 सालीच अस्पृश्यता रद्द केली होती, 1955 चा कायदाही होता. पण हॉटेलात येऊन कपबश्या कोण तपासणार? पुढे मालक बदलला. कप तसाच राहिला.