पाणी हलवा, मला नको

पावसाळ्यात घर गळायला लागलं की सगळे पत्र्याला नावं ठेवतात. बिचारा पत्रा बहुतेक वेळा धड असतो हो! गळतो तो सांधा. पत्रा जिथे संपतो आणि भिंत जिथे सुरू होते, त्या बोटभर जागेत सगळं रामायण घडतं.

आमचं कापूरहोळचं घर साधंच. स्लॅबच्या खोल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी. भोरच्या पलीकडे वरंधा घाटाकडे जसा पाऊस कोसळतो, त्या मानाने आमच्याकडे कमी. पण पावसाळी वारा पश्चिमेचा आणि पडवीही पश्चिमेलाच. पाणी भिंतीवर आपटतं, ओघळतं आणि पत्र्याच्या मागून आत उतरतं.

नेमकी त्या सांध्याखालीच आमच्या सासूबाईंची खाट. वय ९३. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. पडवीतून त्यांना भोरकडे वळणाऱ्या गाड्या दिसतात, येणारा-जाणारा हाक मारतो. फरशी ओली झाली की आमच्या पोटात गोळा येतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा उभा राहीलच असं नाही. म्हणून मुलगा म्हणाला, "आजीला आतल्या खोलीत हलवू." आत्यांनी एका वाक्यात निकाल दिला : "पाणी हलवा की. मला कशापायी हलवताय?"

आतली खोली म्हणजे एक भिंत आणि एक पंखा. त्यांचं म्हणणं खरंच होतं.

दरवर्षी गवंडी सांध्यावर सिमेंट थापून जायचा आणि उन्हाळा सरला की तिथे भेग पडायची. कारण साधं आहे. लोखंड आणि काँक्रीट उष्णतेने जवळपास सारखेच वाढतात. पण पातळ पत्रा उन्हात झटकन तापतो, जाड भिंत सावकाश. पहाट ते दुपार पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर ४ मीटरचा पत्रा सुमारे २ मिलिमीटर लांबतो. संध्याकाळी परत आखडतो. रोजची ही ओढाताण कडक सिमेंट किती दिवस सोसणार? पन्हळी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये हेन्री पामरने १८२९ साली घेतलं. म्हणजे हे दुखणं जगभरात जवळजवळ दोनशे वर्षांचं आहे, आणि त्यावरचा इलाजही जुनाच.

२०२५ साली अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात आम्ही काम काढलं. पत्र्याचं काम करणारा कारागीर तरुण होता, पण घाईचा नव्हता. आधी त्याने जुनं सिमेंट, डांबर सगळं खरवडून काढलं, तारेच्या ब्रशने गंज घासला आणि एक दिवस नुसतं वाळू दिलं. ओल्या नि धुळकट जागेवर काहीच चिकटत नाही. मग पत्र्याच्या वर वीतभर उंचीवर भिंतीत ग्राइंडरने इंचभर खोल आडवी खाच पाडली. कोनात वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीची वरची कड त्या खाचेत बसवली आणि खालचा पदर पन्हळींवर सहा इंच येऊ दिला. पट्टी भिंतीला पक्की, पत्र्यावर मात्र मोकळी. खाली पन्हळींच्या आकाराचे फोमचे तुकडे, म्हणजे वाऱ्याने पाणी उलटं चढायला नको.

खाचेत सीलंट भरताना एक गोष्ट कळली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, ते पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं, शिवाय सिमेंटला नीट धरतही नाही. न्यूट्रल जातीचं मागून घ्यावं. जाताना त्याने स्क्रूही तपासले. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावरच हवा, खोलगट भागात नको, कारण पाणी तिथूनच वाहतं.

सीलंट सुकल्यावर नळीने परीक्षा. खालून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं पाणी. सुरुवातच वरून केली तर गळती नेमकी कुठली, ते कळत नाही. आत्या खाटेवर बसून वर बघत होत्या, कडक परीक्षकासारख्या!

खरी परीक्षा लवकरच आली. पुण्यात मोसमी पाऊस १० जूनच्या सुमारास येतो; त्या वर्षी २६ मेलाच आला. रात्रभर पत्रा वाजत होता. पहाटे मी कंदिलासारखा मोबाईल धरून सांध्याखाली हात फिरवला. भिंत कोरडी, फरशी कोरडी. आत्या जाग्याच होत्या. म्हणाल्या, "झोप आता. मी बघतीय."

कारागिराचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय : "बाई, एका बाजूला पक्कं धरा, दुसऱ्या बाजूला सोडा." म्हाताऱ्या माणसांना सांभाळताना आपण त्यांना सगळीकडून घट्ट धरायला जातो, काळजीनेच. आत्यांना पडवी हवी होती, एवढंच. बाकी सगळं त्या आमच्यावर सोपवायला तयार होत्या.

असो. तुमच्याकडे पत्रा असेल तर वैशाखातच एकदा शिडी लावा. आणि पत्र्यावर पाय ठेवायची वेळ आली तर खाली आधाराचा पाइप आहे तिथेच, म्हणजे स्क्रूंच्या रांगेवरच ठेवा.