विस्तवाचे मालक

'फॅमिली बिझनेस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सराफाची पेढी येते, नाहीतर मिठाईचं दुकान. मला ठाऊक असलेला सगळ्यात जुना फॅमिली बिझनेस मात्र चोवीस तास चालतो. वर्षाचे ३६५ दिवस. पत्ता : मणिकर्णिका घाट, बनारस.

आजीनं बाबांना बजावून ठेवलं होतं, "नाशिक नको, मला काशीलाच ने." म्हणून दोन दिवसांची रजा टाकून आम्ही बापलेक निघालो. सकाळी नावेतून अस्थिविसर्जन झालं. परतीची फ्लाइट दुसऱ्या दिवशी. मग दुपारी करायचं काय? बाबा म्हणाले, "चल, मणिकर्णिका पाहू."

मराठी माणसाला हा भाग फारसा परका वाटत नाही. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये पुन्हा उभं केलं, या घाटाचा जीर्णोद्धारही त्यांचाच. शेजारचा घाट शिंद्यांचा, बायजाबाईंनी बांधलेला. आणि झाशीच्या राणीचं माहेरचं नाव? मणिकर्णिका! पण घाटावर पाय ठेवला, की हे सगळे मालक मागे पडतात. इथला विस्तव डोम लोकांचा.

घरून आगपेटी आणून इथं चिता पेटवत नाहीत. घाटावर एक धुनी अखंड जळत असते. मुंडण केलेला, पांढऱ्या धोतरातला मुलगा तिथं जातो, कर देतो आणि धुमसणाऱ्या गवताची पेंडी घेऊन चितेकडे वळतो. मग तो मंत्र्याचा मुलगा असो की रिक्षावाल्याचा. या हक्काची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. राजा हरिश्चंद्र डोमाचा चाकर झाला आणि स्वतःच्या मुलाच्या प्रेतासाठी त्यानं बायकोकडे कर मागितला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला सिनेमा काढला तो याच राजावर. आपण हरिश्चंद्र लक्षात ठेवला, डोमाला विसरलो. मग थेट २०१५ च्या 'मसान'मध्ये विकी कौशलनं साकारलेला डोमाचा पोरगा भेटला.

चहाच्या टपरीवर एका डोम तरुणाशी गप्पा जमल्या. पंचविशीचा असेल. जीन्स, गळ्यात गमछा. त्यानं जे समजावलं, ते ऐकून आपल्या एचआरवाल्यांनाही घाम फुटेल. घाटाच्या कमाईचे दिवस घराण्यांत वाटलेले आहेत. भावांच्या वाटण्या झाल्या की दिवसांच्याही होतात. अडचण आली तर दिवस गहाण पडतो, विकलाही जातो. पिढ्या वाढल्या, दिवस तेवढेच राहिले. मग ज्याच्या वाट्याला जेमतेम एखादा दिवस येतो, तो एरवी दुसऱ्याच्या दिवशी रोजंदारीवर लाकडं रचतो. एक चिता जळायला साधारण तीन तास लागतात. आगीपासून हातभर अंतरावर, बांबूनं लाकडं सारखी करत उभं राहायचं. मे महिन्यातसुद्धा. पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या बुडतात, मग काम वरच्या गच्चीवर हलतं. सुट्टी नाहीच. शेवटी राख पाण्यात चाळतात, सोन्याचा कण सापडला तर त्यांचा.

या सगळ्यांचा प्रमुख तो डोमराजा. २०१९ च्या निवडणुकीत पंतप्रधानांच्या अर्जावर सूचक म्हणून जगदीश चौधरी या डोमराजांची सही होती. २०२० मध्ये ते गेले, २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी १९९४ मध्ये महंत अवैद्यनाथांसह साधूमंडळी डोमराजाच्या घरी जेवली, त्याचीही मोठी बातमी झाली होती. जेवायला गेले याची बातमी! म्हणजे एरवी काय होत असेल, बघा.

हे मी मनात म्हणतोय, तोवर त्या पोरानं तीन कुल्हड मागवले. पैसेही त्यानंच दिले. एक माझ्या हातात, एक बाबांच्या पुढे. "लीजिए, बाबूजी."

"नको... म्हणजे, नहीं. ॲसिडिटी होती है," बाबा म्हणाले.

आमच्या घरी दिवसाला पाच कप चहा पिणारा माणूस. बँकेत तीस वर्षं युनियनचं काम केलेला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी गंगेकडे. पोरगा काहीच बोलला नाही. त्यानं तो कुल्हड शांतपणे स्वतःच्या बाजूला ठेवला, सवयीचं असल्यासारखा. आणि खरं सांगू? माझा कुल्हडही ओठांपर्यंत जाताना क्षणभर थांबला होता. गरम होता म्हणून, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

खालून कुणीतरी हाक मारली. नवीन तिरडी आली होती. तो उठला, गमछा डोक्याला गुंडाळला आणि पायऱ्या उतरला.

हॉटेलकडे जाताना गल्लीत बाबा एकदम थांबले. "आजीला अग्नी दिला, तेव्हा आपल्या गावी ती लाकडं कुणी रचली होती रे?"

मला आठवेना. त्यांनाही नाही.